मागचे लोक पाहणाऱ्या शालूताई

फोन आला तेव्हा मी दुपारच्या झोपेत सक्करदऱ्याच्या तलावावर चालत होतो. पाण्यावरून, पाय कोरडे, आणि काठावर लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या स्वप्नांत टाळ्या असतातच, त्याला मी काय करू? कुलरच्या घरघरीतून शालूताईंच्या भाच्याचा आवाज आला, "काका, मावशी गेली." मी "बरं" म्हणालो आणि पुन्हा डोळे मिटले. तलाव तिथेच होता. टाळ्या तेवढ्या थांबल्या होत्या…

याला आता सहा आठवडे झाले. अजून दुपारी डोळा लागला की तो आवाज येतो.

शालूताई सक्करदऱ्यात, घराच्या पुढच्या खोलीत, मुलांचं वाचनालय चालवत. घराणं विणकरांचं. मागावरून लुगडं उतरलं की त्यांचे वडील आधी उलटी बाजू पाहायचे, कारण सुलटी बाजू तर सगळेच चांगली करतात. ताईंनी ती रीत पुस्तकांना लावली. विशेषतः कॉमिकांना. त्यांनी पारखल्याशिवाय एकही कॉमिक फळीवर चढत नसे, आणि पारखलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली असे. 'न्या.' 'इथंच वाचा.' एकावर तर 'ज्याचा वेळ जात नसन त्यानं न्या.' मुलं पुस्तकाआधी चिठ्ठी वाचत, आणि चिठ्ठीवर भरवसा ठेवत. परीक्षेच्या निकालावर ठेवत नसतील एवढा.

मग साखरेच्या आजारानं ताईंची नजर नेली. आणि तिथे माझी एन्ट्री झाली! हौशी रंगभूमीवर मी राजा झालोय, हवालदार झालोय, एकदा पूर्ण दोन अंक वडाचं झाड झालोय. ताई म्हणाल्या, "विजू, तू वाच, अन् चित्रं सांगत जाय." झालं. चार वर्षं दर शनिवारी दुपारी, त्यांच्या कुलरमधल्या वाळ्याच्या ओल्या वासात मी वाचत होतो. खलनायकाला पडसं झालेला आवाज, स्फोटाला लोखंडी कपाटावर थाप. ताई डोळे मिटून ऐकत. खोलीत हिरवट उजेड असे, आणि कधी कधी वाटे की आम्ही दोघं त्या चौकटीच्या आत बसलोय, बाहेरून कुणीतरी आम्हालाच वाचतंय.

वाचून झालं की त्या म्हणत, "झाली तुझी नौटंकी? आता मागचे लोक सांग." ही त्यांची उलटी बाजू. नायक उडतोय ते राहू दे. खाली दुकानात कोण बसलंय, गर्दीत कोण घाबरलंय, कुणाच्या हातात काय आहे… त्यावर निकाल ठरे.

गेल्या वर्षी एका नव्या मालिकेचा पहिला भाग आला. 'अकरावी ड'. एका वर्गातल्या पाच पोरांना अचानक शक्ती येतात. एकीला राग आला की सामान तरंगायला लागतं. एक अदृश्य होतो, पण त्याचे बूट होत नाहीत! एकाला दुसऱ्याची भूक ऐकू येते. मी तर पहिल्या पाच पानांत प्रेमात पडलो. ते बूट एकटेच जिना उतरतात ते पान मी तीनदा करून दाखवलं. पाचही पोरं घर सोडून तीन दिवस एका सावलीशी लढतात, शहर वाचतं, टाळ्या.

"तीन दिवस?" ताई म्हणाल्या.

"हो ना!"

"अन् घरचे? मागं पाह्य."

मी पानं उलटली. मागे इमारती होत्या, तारा होत्या, कबुतरं होती. माणूस एकही नाही. आता पुस्तक फळीवर चढायचं हुकणार हे मला दिसलं. आणि ही जीभ… हिला मोकळं मैदान दिसलं की ही धावते.

"पान सव्वीस," मी म्हणालो. "गॅलरीत एक बाई उभी आहे. हातात झाकलेलं ताट. रस्त्याकडे पाहतेय."

ताई सरसावून बसल्या. "कोणाची माय आहे?"

"त्या बूटवाल्याची."

"ताटावर काय झाकलं?"

"दुसरं ताट."

त्या मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "ज्यानं काढलं त्याले समजते गा." आणि चिठ्ठी सांगितली. मी ती स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिली: 'न्या. पान सव्वीसवरची बाई पाहा.'

पुढच्या शनिवारी तन्वी आली. नववीतली, ताईंची सगळ्यांत जुनी वाचक.

"आजी, सव्वीसवर कबुतरं आहेत."

"नीट पाह्य वं."

"नीटच पाहिलं. सगळं पुस्तक पाहिलं. आईनंही पाहिलं. बाई नाहीच आहे."

ताईंनी मान माझ्याकडे वळवली. "विजू, बाई कुठं आहे गा?"

मी खरं ते सांगितलं. एकही आवाज न बदलता.

"काहून केलं असं?"

"तुम्हाला आवडावं म्हणून."

"मले तर आवडलीच ना ते. आठ दिवस तिलेच पाहून राहिली मी." त्या थांबल्या. "माझ्या डोळ्यात आता दुसरं कुठून येते, विजू? तू देशीन तेच येते. अन् या पोट्टीनं माझ्या शब्दावर पुस्तक नेलं."

रागावल्या असत्या तर मी रडून दाखवलं असतं, ते मला जमतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा वाच. हिच्यासमोर. जिथं काही नसन तिथं नाही म्हण." मी वाचलं. पानागणिक 'नाही' म्हणालो. तन्वी बोट ठेवून तपासत होती. मग नवी चिठ्ठी: 'पोट्टे शूर आहेत. चित्र चांगलं. घरी कोणीच नाही. दुसऱ्या भागाची वाट पाहा. आधीची चिठ्ठी माझी चूक.'

"ताई, चूक माझी आहे."

"सही कोणाची आहे?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

उन्हाळ्यात त्यांना धंतोलीत दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या भेटीत त्या अर्धवट झोपेत होत्या. माझा हात चाचपून म्हणाल्या, "दुसरा भाग आला काय?"

आला नव्हता. पण माझ्यापाशी तो तयार होता! अख्खा भाग, चौकटी-चौकटीनं. प्रत्येक गॅलरीत एक आई, फाटकाशी बाप, बुटांना पॉलिश करणारा आजोबा. अर्ध्या तासात मी त्या पांढऱ्या खोलीत सगळं शहर उभं केलं असतं, आणि त्या हसत झोपल्या असत्या. ओठांवर आलं होतं.

"नाही आला, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग वाट पाहू." आणि कूस वळवली.

दुसरा भाग मागच्या आठवड्यात आला. भाच्यानं खोली उघडून दिली, मी कुलरमध्ये पाणी भरलं आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसून मोठ्यानं वाचलं. आवाज काढले, कपाटही वाजवलं, ते सुटणार नाही. मग दुसऱ्या फेरीला एकेक चौकट सांगत गेलो. भिंत. सायकल. झोपलेला कुत्रा. गॅलरीत कोणी नाही. बत्तिसाव्या पानावर बसस्टॉपमागे एक नखाएवढा माणूस काढलाय. घरातल्या चपला, शर्टाचं बटण चुकलेलं. तो कुणाला शोधतोय की नुसताच उभा आहे, हे मी चष्मा काढून, घालून, उजेडात नेऊन पाहिलं.

"एक माणूस आहे," मी खुर्चीला म्हणालो. "कोणाचा बाप आहे काय, ते मले माहीत नाही."