जास्वंदीची पांढरी फांदी

अकोल्याच्या एका नर्सरीत मी सात वर्षं राबलो. तिथल्या मालकांना आम्ही सगळे कामगार काकाजी म्हणायचो. जे वेडंवाकडं उगवेल ते छाटायचं, हा त्यांचा नियम. झेंडूचा देठ पट्ट्यासारखा चपटा झाला, गुलाबाच्या फुलातून दुसरी कळी निघाली, की लागलीच कात्री. गिऱ्हाइकाला तो रोग वाटतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा लाल जास्वंदीच्या हिरव्यागार झाडाला एकच फांदी पांढऱ्या शिंतोड्यांच्या पानांची फुटली. मी ती काकाजींना दाखवली. "तोडून फेक," ते म्हणाले. मी तोडली, पण फेकली नाही. तिची दोन कलमं पिशव्यांत लावली. दोन्ही जगली. पुढे फुलांच्या प्रदर्शनात त्यातल्या एकाला पहिलं बक्षीस मिळालं आणि काकाजींनी माइकवर सांगितलं, ही फांदी आपल्या नजरेनं हेरली. मी मागे कुंड्या उचलत होतो. त्याच दिवशी भांडलो, दुसरं कलम काखोटीला मारलं आणि अमरावती गाठली. आज इथं माझी स्वतःची नर्सरी आहे. राग मात्र गेलेला नाही.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. "माह्यं झाड बिघडलं बे. तुह्याजवळचं एक कलम दे."

"देतो. पण तुमच्या साऱ्या माणसाईसमोर सांगा, फांदी पयले कोणाले दिसली होती."

"तू सौदा केल्याबिगर राहणार नाही. ये तं खरं."

गेलो. बसमध्ये काय काय ऐकवायचं ते घोकत गेलो. त्यांच्या अंगणातलं ते बक्षिसाचं झाड माझ्यापेक्षा उंच झालं होतं, पण एकजात हिरवं. अशा झाडाला मधूनमधून साधा हिरवा फुटवा येतोच. तो जोमदार असतो. वेळेवर खुडला नाही तर पांढऱ्या फांद्यांना दाबून टाकतो. काकाजींना हे पाठ होतं. मी भडकलो.

"फुटवे खुडले कावून नाही? आळस आला का?"

"रोज खुडतो न!" त्यांनी एक पान बोटांत धरलं. "हे पाह्य, इथं अजून पांढरं हाय."

पान पूर्ण हिरवं होतं. बुंध्याशी खुडलेले फुटवे पडले होते. मी वाकून पाहिले. सगळे शिंतोड्यांच्या पानांचे.

माझा आवाज आपोआप खाली आला. "डोळ्याचं घरी कोणाले सांगतलं?"

त्यांनी हातातलं पान सोडलं. मग म्हणाले, "सांगतलं तं कात्री हिसकून घेतीन लोकं. मंग दिवसभर मी करू काय?"

माणसांसमोर त्यांना उभं करायची माझी सगळी तयारी तिथंच संपली. पण फुकट मी आयुष्यात काही दिलेलं नाही.

"कलम देतो," मी म्हणालो. "पयले डोळ्याच्या डॉक्टरकडं चाला."

"पयले कलम लावू. डॉक्टर उद्या."

"मंग मी चाललो अमरावतीले." मी पिशवी उचलून खरंच फाटकापर्यंत गेलो.

"थांब बे! चप्पल तं घालू दे."

ऑटोत पिशवी मी माझ्याच मांडीवर ठेवली. मोर्णा नदीचा पूल आला तसा त्यांचा हात चाचपडत पुढे आला.

"निदान हात तं लावू दे."

लावू दिला. दवाखाना येईपर्यंत ते एकेक पान चाचपत राहिले. फांदी कोणाला दिसली होती, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.