धडामबाईंचा बँड

माझी मावशी मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेत शिवण शिकवायची. बँडचे सर निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "तुम्ही शिलाई मशीन किती लयीत चालवता! बँड तुम्हीच घ्या." महिनाभरात पोरींनी तिचं नाव धडामबाई पाडलं, कारण त्या बँडमध्ये धड उरले होते फक्त ड्रम.

रस्त्यापलीकडे मुलांची मिशन शाळा. त्यांचं चर्च वेगळं, प्रार्थना वेगळी, आणि बँडमध्ये नुसते ट्रम्पेट. भांडण काही नव्हतं. पण येणंजाणंही नव्हतं.

एका सकाळी इकडे ड्रम चालू असताना तिकडून ट्रम्पेटची धून आली आणि पोरींचे हात आपसूक त्या धुनेच्या तालावर पडू लागले. मावशीच्या अंगात वारं शिरलं. ती तशीच रस्ता ओलांडून तिकडचा बँड सांभाळणाऱ्या पीटीच्या सरांसमोर उभी राहिली.

"सर, तुमच्याकडे सूर, आमच्याकडे ताल. सोयरीक जुळवायची का?"

सर कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे... बँडची?"

"मग काय माझी? पन्नाशी उलटली माझी!"

तिकडचे मुख्याध्यापक त्यांच्या चर्चचे पाळकही होते. त्यांनी आणि सिस्टरांनी एकच शंका काढली: सुरुवातीची प्रार्थना कुणाची?

"दोघांची," मावशी म्हणाली. "देवाला कुठे गाडी पकडायचीय?"

पहिल्याच तालमीला मोठा ड्रम पट्ट्यातून निसटला आणि उतारावरून गडगडत निघाला. मागे पाळकसाहेब, त्यांच्यामागे झगा सावरत सिस्टर, आणि त्यांच्यामागे दोन्ही शाळा! कोपऱ्यावर दोघांनी मिळून ड्रमला मिठीच मारली आणि तिथेच फुटपाथवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मावशी सांगते, "तिथून पुढे मला कुणाला काही पटवावंच लागलं नाही." मुलांच्या शाळेची प्रयोगशाळा मुलींना उघडी झाली, मुलींच्या शाळेचं ग्रंथालय मुलांना.

दोन्ही शाळांच्या एकत्र क्रीडादिनाला बँड असा दणदणला की खिडक्यांची तावदानं नाचली. मावशीला तर हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही करत चालली होती. सगळ्यांत पुढे दोन्ही मुख्याध्यापक.

"पाळकसाहेब, तुमचा पाय चुकतोय," सिस्टर पुटपुटल्या.

"चुकू द्या, सिस्टर. आपण पुढे आहोत. मागच्यांना वाटेल, असंच चालायचं असतं!"

मग सिस्टरांनीही मुद्दाम पाय चुकवला.