भावोजींची सही

पार्सेचं घर विकायचं ठरवलं ते ताईने, मी नव्हे. बाबा गेल्यावर ते आम्हा दोघा भावंडांचं झालं होतं. मी नोकरीनिमित्त डिचोलीला आलो आणि तिथलाच झालो. ताई पार्सेतच राहिली, आधी आईबाबांबरोबर, मग नुसत्या बाबांबरोबर आणि शेवटी एकटी. गावच्या अंगणवाडीत तिने निवृत्त होईपर्यंत मदतनीस म्हणून काम केलं. अलीकडे तिचे गुडघे दुखायचे. घराला सात पायऱ्या, न्हाणी मागच्या अंगणात आणि विहीर त्याहून खाली. एका रविवारी मी गेलो तेव्हा ती अंगणात काजूच्या बिया पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "पेडण्यात तळमजल्यावर दोन खोल्या बघ माझ्यासाठी. हे घर विकूया."

हा विषय कधीतरी मलाच काढावा लागेल, आणि ती रडेल, असं मी धरून चाललो होतो. तिने तो गॅसचा सिलिंडर बदलायला सांगावं तसा काढला.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. मोपाच्या विमानतळावर नोकरीला असलेलं एक तरुण जोडपं होतं. त्यांना घर आवडलं, मागचा फणस आवडला. त्यांची एकच अट होती, कागद आधी वकिलाला दाखवायचे. त्यात मला काहीच अवघड वाटलं नाही. घरपट्टीच्या पावत्या बाबांनी वर्षानुवर्षं तारेत ओवून ठेवल्या होत्या. ती तार तशीच उचलून मी म्हापशाला आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी ती बाजूला ठेवली. "पावती म्हणजे तुम्ही कर भरला, एवढंच. घर कोणाचं ते त्यावरून ठरत नाही." मग त्यांनी सर्व्हेचा उतारा मागितला. त्यावर अजून बाबांचंच नाव होतं. "हरकत नाही. आधी वारसांचा दस्त करू, मग विक्रीचा. वारस कोण कोण?"

"मी आणि माझी मोठी बहीण."

"तुमचं लग्न झालंय, म्हणजे मिसेसची सही लागेल. बहिणीचं लग्न?"

"झालं होतं."

"झालं होतं म्हणजे? घटस्फोट झालाय?"

"नाही."

"ते वारले?"

"नाही. आमोण्याला असतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांची सही हवी."

मी म्हणालो, हे आमच्या बाबांचं घर आहे. त्या माणसाने तीस वर्षांत इथे पाऊल टाकलेलं नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "लग्न गोव्यात नोंदवलंय ना? आणि लग्नाआधी वेगळा करार काही केला नव्हता?"

"तो कोण करतो?"

"कोणी करत नाही, म्हणूनच सगळ्यांना हा नियम लागतो. बायकोला बापाकडून जे मिळालं त्यात अर्धा नवरा. नवऱ्याचं जे असेल त्यात अर्धी बायको. वेगळं राहिल्याने तो हक्क सुटत नाही."

"त्याने सही दिली नाही तर?"

"विनाकारण अडवत असेल तर कोर्टात जाता येतं. पण वर्षं जातील, आणि तुमचं गिऱ्हाईक तेवढं थांबणार नाही. त्यांनी नाही म्हटलंय का?"

"आम्ही विचारलेलंच नाही," मी म्हणालो.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. ताईचं लग्न अठ्ठाविसाव्या वर्षी झालं. भावोजी खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. फार बोलणारे नव्हते, पण माणूस सरळ होता. दुसऱ्या वर्षी ताईला विषमज्वर झाला. आमोण्याला तिचं करायला कोणी नव्हतं, म्हणून भावोजींनी तिला माहेरी आणून पोचवलं. दोन महिन्यांनी ती बरी झाली. आमच्या आईचं म्हणणं, त्यांनी येऊन न्यावं. त्यांच्या आईचं म्हणणं, तुम्ही नेली तशी आणून सोडा. नेली नव्हती, त्यांनीच आणली होती, पण तोवर खरंखोटं कोण बघतो? चतुर्थी गेली, शिमगा गेला. मग एक दिवस मीच आमोण्याला गेलो. मी चोवीस वर्षांचा होतो आणि नुकतीच नोकरी लागली होती. नदीवरच्या धक्क्यावर, चार माणसांसमोर मी भावोजींना नाही नाही ते बोललो. शेवटी म्हणालो, आमच्या दारात पाऊल टाकायचं नाही. ते गप्प उभे राहिले आणि त्यांनी माझा शब्द पाळला.

घरी येऊन मी सांगितलं की त्यांना ताईला न्यायचं नाही. ताईने फक्त विचारलं, "असं ते म्हणाले?" मी हो म्हटलं.

वकिलांनी काय सांगितलं ते आता ताईला सांगायला माझी जीभ उचलेना, तरी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बियांची टोपली आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मग जाऊया. सही मी मागते. तू मध्ये बोलू नकोस."

आम्ही पुढच्याच आठवड्यात गेलो. आमोण्याचं ते घर रस्त्यापासून आत, शेतांच्या कडेला आहे. अर्ध्या घरावर कौलं होती, अर्ध्यावर पत्रे, आणि एका बाजूची भिंत बांबूचा टेकू देऊन उभी केलेली. भावोजी पडवीत बसून पंपाचा कसलासा भाग पुसत होते. खाणी बंद झाल्यापासून ते भाजी लावतात, हे मला नंतर कळलं. आम्हाला बघून ते उठले. केस पूर्ण पांढरे झाले होते. ताई पायरी चढताना खांबाला धरून थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "गुडघ्याक किते जालें?" तू म्हणावं की तुम्ही, हे टाळूनच विचारलं.

"वय झालं," ताई म्हणाली.

त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोने पाणी आणलं, गूळ आणला. ताईने पाणी संपवलं आणि सरळ बोलायला लागली. "पार्सेचं घर विकतेय. वकील म्हणतात, तुमची सही लागते. कोर्टात मी जाणार नाही. द्यायची असेल तर द्या."

"सही देतो," ते म्हणाले. "त्यात मागायचं काय?" मग पंपाचा तो भाग त्यांनी खाली ठेवला. "तुझीही एक सही हवी होती आम्हाला. पंधरा वर्षं झाली. या घराची वाटणी अडून राहिलीय. म्हणून तर रजिस्टर टपाल पाठवलं होतं."

"कसलं रजिस्टर?" ताईने विचारलं.

ते आत गेले. प्लास्टिकच्या पिशवीतून एक पाकीट आणून त्यांनी तिच्यासमोर धरलं. पाकीट फोडलेलं नव्हतं. वर ताईचं नाव, पार्सेचा पत्ता, आणि शाईने आडवं पोस्टमनने लिहिलेलं, 'घेण्यास नकार'.

"मला वाटलं, तुला संबंध नको असेल," ते म्हणाले. "मग पुन्हा त्रास दिला नाही."

ताईने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ते रजिस्टर आलं त्या दिवशी ती अंगणवाडीत होती, बाबा झोपले होते, आणि मी रजा घेऊन पार्सेला आलो होतो. पोस्टमनने पाकीट पुढे केलं, मी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि म्हणालो, घ्यायचं नाही, परत पाठवा. एवढं करून मी चहा प्यायला आत गेलो होतो. एखादी ब्याद दारातूनच घालवावी, तसं समाधान मला तेव्हा वाटलं होतं.

"ते मी परत पाठवलं," मी म्हणालो.

आवाज कोणीच चढवला नाही. दारात उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला, "आमची आई वाटणी, वाटणी करत गेली. या भिंतीला हात लावायचा तर सगळ्यांच्या सह्या..." भावोजींनी त्याला हाताने थांबवलं.

ताईने पाकीट तिथेच फोडलं. आत एक कागद वकिलाचा होता, टाइप केलेला. दुसरा हाताने लिहिलेला, पानभर. पहिला तिने मांडीवर ठेवला. दुसरा सावकाश वाचला, परत एकदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

परत येताना डिचोलीच्या बसस्टँडजवळ तिने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "त्या वेळी धक्क्यावर ते काय म्हणाले होते? मला न्यायचं नाही असं म्हणाले होते?"

"काही म्हणाले नव्हते. मीच बोललो सगळं."

"तू माझ्यासाठीच केलंस, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ते आता मलासुद्धा कळायचं नाही."

 माफी मागायचे शब्द त्या वाक्याला पुरत नव्हते. तरी नंतर मी ती मागितली, एकदा नाही, तीनदा. ती दर वेळी "बरं" म्हणाली.

विक्रीच्या दिवशी भावोजी दोन बस बदलून पेडण्याला निबंधकाच्या कचेरीत आले, इस्त्रीचा शर्ट घालून. वकीलबाईंना म्हणाले, माझ्या वाट्याचं काय असेल ते तिच्याच नावाने लिहा. कारकुनाने ताईकडे बघून विचारलं, "हे तुमचे कोण?" "नवरा," ती म्हणाली. माझ्या आठवणीत तो शब्द तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उच्चारला. भावोजींच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. राबून राबून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. तीनदा फुकट गेल्यावर ताईने पर्समधला रुमाल भिजवून त्यांच्याकडे दिला. चौथ्यांदा ठसा उमटला. माझी बायको, मी, ताई, भावोजी, असे चौघांचे फोटो एका दस्तावर आले. मोपाच्या त्या जोडप्याने पेढे वाटले. भावोजींनी एक घेतला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

महिन्याभराने ताई डिचोलीला त्यांच्या वाटणीच्या दस्तावर सही करायला आली. मीही गेलो होतो, नुसता बसायला. त्यांच्या वकिलाने कागद वाचून दाखवला. भावोजी धरून तिन्ही भावांचे वाटे वेगळे झाले होते. भावोजींच्या वाट्याला टेकू दिलेल्या भिंतीची बाजू आली होती. वकील म्हणाला, "बाई, तुम्ही वेगळ्या राहता. या वाट्यावरचा तुमचा हक्क सोडायचा असेल तर तसंही लिहिता येतं. पुढे कटकट नको."

मला वाटलं, ती सोडेल. भावोजींनी आपला हक्क सोडला होता, आता ती सोडेल, म्हणजे हिशेब पुरा. सगळ्यांना तेच वाटलं असावं, कारण वकिलाने पेनही पुढे केलं होतं.

"त्यांच्या नावाशेजारी माझं नाव येतं ना?" ताईने विचारलं.

"तसं येतं, पण..."

"मग येऊ दे."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले.  भावोजींनी कागद आपल्याकडे ओढला, खिशातून चष्मा काढला, सही केली आणि मग तो तिच्यापुढे सरकवला.

ताई आता पेडण्यात दोन खोल्यांत राहते. मी रविवारी जातो. आम्ही सगळ्यावर बोलतो, त्या पाकिटावर सोडून. नातेवाइकांची, शेजाऱ्यांची कागदाची कामं निघाली की मला विचारायला लोक येतात, आणि उतारा कुठे मिळतो, कोणाकोणाच्या सह्या लागतात, हे मी सांगतो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, की ज्याची सही हवी त्याला आधी जाऊन विचारा, दुसऱ्याच्या तोंडून नको.

गेल्या महिन्यात आमोण्याच्या भिंतीसाठी पंचायतीत अर्ज द्यायचा होता. नावं दोघांची, म्हणून सह्याही दोघांच्या. मी ताईला फोन करून म्हणालो, मी गाडी घेऊन येतो.

"नको," ती म्हणाली. "बस आहे."