दगडूमामांचा टाऊन हॉल

परभणीहून रात्रीच्या गाडीत बसलो तो सकाळी हैदराबादला काचीगुडा स्टेशनावर उतरलो. साल १९५६, हैदराबाद राज्य फुटायला महिनाभर उरला होता. मराठवाडा मुंबईकडे जाणार, म्हणून सरकारी नोकरांनी कुठं जायचं ते लिहून द्यायचं होतं. माझे दगडूमामा हैदराबादेत सरकारी नोकरीला. त्यांना परत आणायला आईनं मला धाडलं. आमच्या भावकीत पहिला बी.ए. मीच, तेव्हा मामांचा अर्ज घरूनच लिहून नेला होता. नुसता अंगठा हवा होता.

"टाऊन हॉल," रिक्षावाल्याला म्हणालो.

"असेंब्ली बोलो मियाँ! टाऊन हॉल तो दादा के जमाने में था."

बाग-ए-आमच्या (सार्वजनिक बागेच्या) झाडांमागून पांढरे घुमट दिसले. मागच्या एका निजामाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी लोकांनी वर्गणी काढून हा हॉल बांधला. राजाच्या कौतुकाला उभारलेल्या त्या इमारतीत आता निवडून आलेली माणसं भांडत होती.

मामा तिथं फर्राश (गालिचे, सतरंज्या अंथरणारा) होते. मी बुटांसकट आत शिरलो.

"बूट काढ, बीए साहेब."

"मंत्री बुटानंच चालतात की, मामा."

"त्यांना कोण सांगंल? तू घरचा हायस."

अनवाणी पायांनी त्यांनी मला सगळा हॉल दाखवला. कोण कुठं बसतं, कोण झोपतं, सगळं त्यांना ठाऊक.

दुपारी मागच्या ओट्यावर त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि गोंगुरा (आपली अंबाडीच, फक्त तिखट जाळ). घास गिळून मी अर्ज वाचून दाखवला.

"झ्याक लिवलंयस," मामा म्हणाले. "पर मला इचारलं कुठं?"

"आपला मुलूख आहे, मामा. त्यात विचारायचं काय?"

"गावच्या चावडीत मला कधी बसू दिलं नाही. भाईर उभा ऱ्हायचो. हितं समद्यांच्या बैठकी मी घालतो. सरकारनं जल्मात पहिल्यांदा मला काय पायजे ते इचारलं, अन् जवाब तू घरूनच लिवून आणलास?"

मी कागद फाडला. ओट्यावर बसून दुसरा लिहिला, मामा सांगतील तसा. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला, मग अंगठा उठवला.

परभणीला आईनं दारातच विचारलं, "एकटाच आलास?"

मी सगळं सांगितलं.

"त्याच्या मनानं ऱ्हायला ना?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

मराठी मुलूख एकत्र आला याचा आनंद मला तेव्हाही होता, आजही आहे. पण आमच्या घरचा एक मराठी माणूस स्वतःच्या मर्जीनं पलीकडं राहिला, आणि त्याच्या अर्जावरचं अक्षर माझं आहे. माझ्या शिक्षणाचं मोल कुणी विचारलं, तर मी आधी त्या कागदाचं सांगतो.