नेऱ्याहून आलेली बोली

बायकोला सहावा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता उठायचं नाही. उशी डोक्याखाली नको, पायांखाली घ्या. न्हाणीघरापर्यंत जा, तेवढंच चालणं. त्याआधी एकदा आमचं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे आम्ही दोघांनीही उलट काही विचारलं नाही.

नवीन पनवेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि दोन माणसं उभी राहतील एवढी गॅलरी. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची व्हायची होती. आई दिवसभर आडवी दिसते म्हणजे ती आपल्याला खेळायला बोलावते आहे, असंच तिला वाटायचं. ती धावत येऊन पोटावर झेपावायची. मी ऑफिसात असलो की शेजारच्या काकू डोकावून जात, पण त्या तरी किती वेळा येणार? सासूबाई पुण्याला. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून त्या होळीच्या सुमारास येणार होत्या. तोवर दीड-दोन महिने काढायचे होते.

माझी मोठी बहीण पनवेलजवळच्या नेरे गावी दिलेली. तिला मी बाय म्हणतो. एका रविवारी ती वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली, दारातूनच तिनं घराची दशा बघितली आणि पदर खोचून आधी भांडी घासायला बसली. तिथूनच म्हणाली, "पोरीला मी नेतंय."

"राहील का ती, बाय?"

"ती राहील. तू रडशील."

बायको आतून हसली. पडून राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच हसली होती.

मुलगी खरंच राहिली. मी दर रविवारी स्कूटरवरून नेऱ्याला जायचो. पहिल्या रविवारी ती मला बिलगली, दुसऱ्या रविवारी वालाच्या शेतातून लांबूनच हात केला, आणि तिसऱ्या रविवारी मला बघून आत्याच्या मागे लपली, मी न्यायला आलोय असं वाटून. बायच्या अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून वर जाळ केलेला. मुलीच्या फ्रॉकला, केसांना त्या धुराचा वास येत होता. ती माझ्या हातावर गरम शेंग ठेवून म्हणाली, "खा, बाबा. गोर हाय."

मी घरी येऊन बायकोला तिच्या त्या 'गोड'च्या 'गोर'ची नक्कल करून दाखवली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. खरं तर मीच हसलो, तिनं पोटावर हात ठेवून जपून हसावं तसं हसून घेतलं. मग ती म्हणाली, "तुम्ही किती हुबेहूब काढता हो तो आवाज!"

हुबेहूब न काढायला काय झालं? ती माझीच भाषा होती. उरणच्या बाजूला मिठागराच्या काठी आमचं गाव, आणि दहा वर्षांचा होईपर्यंत मी दुसरं काही बोललोच नव्हतो. पुढे शिकायला पनवेलच्या वसतिगृहात आलो. तिथे पाण्याच्या माठापाशी मोठी मुलं उभी असत. मी 'पानी' म्हटलं की ओगराळं वर धरत आणि विचारत, "काय पाहिजे?" मी पुन्हा 'पानी' म्हणे. पुन्हा ओगराळं वर. तोंडातून 'पाणी' येईपर्यंत असं चाले. मी लवकर शिकलो. इतकं चांगलं शिकलो की पुढे ऑफिसात लोक मला पुण्याचा समजत, आणि मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. लग्न पुण्याच्या मास्तरांच्या मुलीशी झालं. बाय आमच्याकडे यायची असली की मी शक्यतो शेजारी कुणी नसतील अशी वेळ बघायचो. हे बायकोला माहीत नव्हतं. बायला असावं, असं आता वाटतं.

होळीला सासूबाई आल्या आणि मी मुलीला घरी आणलं. शाळेच्या बालवर्गात नाव घालायचं होतं. बाई मुलांशी दोन शब्द बोलून बघतात, असं ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं. त्यामुळे मी मुलीची भाषा आधी दुरुस्त करायला घेतली.

पहिल्याच संध्याकाळी ती खेळून आली आणि म्हणाली, "बाबा, मना पानी."

मी पेला भरला आणि वर धरला. "मला पाणी. म्हण."

ती हसली. तिला तो खेळ वाटला. "मना पानी!"

"मला. पाणी."

ती उड्या मारायला लागली, पेल्यापर्यंत हात पोचेना. मग तिचं हसू थांबलं. आतून बायको म्हणाली, "अहो, द्या ना तिला. तहान लागली असेल."

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

मुलगी शेवटी म्हणाली. मी पेला दिला, पाठीवरून हात फिरवला, शाबासकीही दिली. ही युक्ती मला वसतिगृहात मिळाली होती हे त्या क्षणी माझ्या मनात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. आलं होतं. आपल्याला त्याचा फायदाच झाला, असं मी स्वतःशी म्हणालो.

मग ते रोजचंच झालं. दूध, पोळी, बाहुली, गॅलरीचं दार. कुठलीही गोष्ट शुद्ध मागितल्याशिवाय मिळायची नाही. सासूबाईंना यात काही वावगं वाटलं नाही; उलट त्या म्हणाल्या, "हौस आहे हो तुम्हाला मुलीची." बायको मात्र एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ती हल्ली पाणी मागत नाही. बघितलंत का?"

मी बघितलं. ती स्टूल ओढत नेऊन स्वतःच माठातून पाणी घ्यायची. सांडायची, आपल्या फ्रॉकनं पुसायची. दूध हवं असेल तर पातेल्यापाशी जाऊन उभी राहायची. भूक लागली की आजीचा पदर ओढायची. मी विचारलं तर मानेनं हो किंवा नाही. काही दिवसांत ती आमच्याशी बोलायची पूर्ण थांबली. आईशीसुद्धा. आईच्या पोटाशी कान लावून पडून राहायची, पण तोंडातून शब्द नाही.

शाळेत बाईंनी तिच्यासमोर फुलाचं चित्र धरलं. "हे काय आहे बाळ?"

ती चित्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. काय बोललं म्हणजे बरोबर होईल, याचा अंदाज घेत असावी. बाईंनी चित्र बदललं. पोपट, घर, आंबा. नेऱ्याला झाडाखाली बसून तिनं कितीतरी कैऱ्या खाल्ल्या होत्या. ती ओठ मिटून उभी.

बाई हळूच मला म्हणाल्या, "घरी बोलते ना हो?"

"बोलते. लाजतेय," मी म्हणालो.

परत येताना स्कूटरवर ती पुढे उभी होती, आणि मला तिच्या डोक्याचा फक्त मागचा भाग दिसत होता. मला तिचा राग आला होता, हेही लिहायला हवं.

त्यानंतर आठवडाभरात सासूबाई तिचे केस विंचरताना ओरडल्या. तिच्या कानातून पू येऊन केसांना लागला होता. कान लाल, सुजलेला. मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि विचारलं, "हे बरेच दिवस दुखत असणार. बोलली नाही काही?"

"नाही."

"एवढं दुखतंय तर मूल घर डोक्यावर घेतं." मग त्यांनी तिलाच विचारलं, "काय गं, बाबांना सांगायचं नाही होय?"

तिनं मान खाली घातली. कान दुखतो, हे सांगायला दोन्हीकडचे शब्द जवळजवळ सारखेच. पण कुठला शब्द कुठला, हे तिला कसं कळावं? तिनं ठणका सोसला, पण चुकायचा धोका घेतला नाही.

घरी आल्यावर बायकोला मी कान फुटल्याचं सांगितलं, दुखून किती दिवस झाले ते सांगितलं नाही. ते तिनं स्वतः ओळखलं. तिला उठायची बंदी होती. ती तशीच आडवी राहून छताकडे बघत म्हणाली, "मी दवाखान्यात गेले, आणि हिला रात्री काही झालं, तर तुम्हाला कळणार कसं?"

तिचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी नेऱ्याला गेलो.

बाय ओटीवर वाल निवडत होती. मी सगळं सांगितलं. पेल्याचंही सांगितलं. तिचा हात सुपात थांबला.

"पानी नाय दिलंस तू?"

"दिलं गं. म्हणजे, शेवटी दिलं."

"आपल्या आयेनं तुला असं केलं असतं तं तू कंदी बोललाच नसतास," ती म्हणाली. "येवरा मोटा सायेब झालास आनि पोरीच्या तोंडाला कुलूप लावलंस."

"तू चल ना घरी. तुझ्याशी बोलेल ती."

"माज्याशी बोलेल. मना ठाव हाय. तुज्याशी कवा बोलेल?" तिनं सूप झटकलं. "मी नाय येत. तूच बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"मिठागरावर बापसाशी कसा बोलायचास? तसा बोल."

मला रागच आला तिचा. परतीच्या वाटेवर स्कूटर बाजूला घेऊन मी मोठ्यानं बोलून बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. 'मना', 'तुना', 'इकरं ये'. नक्कल करताना हुबेहूब निघणारा तो आवाज खरं बोलायला गेल्यावर निघेना. आपण स्वतःचीच टिंगल करतोय असं वाटत राहिलं. घरी गेल्यावर मी मुलीला पेल्यात पाणी भरून दिलं, काही न म्हणता. तिनं ते घेतलं नाही. मी पेला खाली ठेवून खोलीबाहेर गेलो, तेव्हा प्यायली.

बाळंतपण नीट झालं. मुलगा झाला. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी पेढे वाटत होतो. बायको थकलेल्या आवाजात पहिली गोष्ट काय बोलली असेल, तर "ती काही बोलली का?"

बाळ घरी आलं. मुलीनं त्याच्याकडे लांबून बघितलं, बोट लावून बघितलं, पण आवाज नाही. दोन-चार दिवस असेच गेले. एका दुपारी बायको न्हाणीघरात होती, सासूबाई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होत्या, आणि मी गॅलरीत लंगोट वाळत घालत होतो. बाळ रडायला लागलं. मी चिमटे टाकून वळलो, तोच आतून आवाज आला.

"रडू नको रं बाला. आये येल. आता येल. मी हाय ना."

मी गॅलरीच्या दारात थांबलो. ती पाळण्याशी उकिडवी बसली होती. एवढ्या दिवसांत न ऐकलेला तो आवाज जरासा घोगरा झाला होता. ती बाळाला सांगत होती, आत्याकडे म्हस हाय, म्हशीला बारकं पारू हाय, तू मोटा झाला का तुला नेन. मग तिला माझी सावली दिसली. तिचं तोंड मिटलं. माझ्याकडे बघत ती उठून भिंतीला टेकली.

काय बोलावं हे मी ठरवलं नव्हतं. पाळण्याशी जाऊन खाली बसलो आणि बाळालाच म्हणालो, "तुजी बहीन बरोबर सांगतंय रं. आत्याकरं म्हस हाय. मी पन लहान होतू तवा…" पुढचं आठवेना. मी तिथेच अडलो. मग जे येईल ते बोलत गेलो. खाडीचं, मिठाच्या ढिगांचं, माझी आई आम्हाला कशी हाका मारायची त्याचं. माझा आवाज मला बापसासारखा वाटायला लागला.

मुलगी हळूहळू भिंत सोडून जवळ आली. माझ्या तोंडाकडे ती असं बघत होती, जणू तिनं मला काही चोरून खाताना पकडलं होतं. तिनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथे आजीची पाठ होती. मग माझ्या कानाला तोंड लावलं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मी कोनाला नाय सांगनार."

मी म्हणायला हवं होतं, सांग. आजीला सांग, शेजारच्या काकूंना सांग, शाळेतल्या बाईंना सांग. सासूबाई लाडवांचं ताट घेऊन बाहेर येत होत्या. मी 'बरं' अशी मान हलवली.

ती त्या संध्याकाळपासून बोलायला लागली. सगळ्यांशी, आणि अगदी शुद्ध. आम्ही सुटलो असंच सगळ्यांना वाटलं. पुढे शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली तिनं. बायकोला मी त्या दुपारचं सगळं सांगितलं, पण मान हलवल्याचं सांगितलं नाही. आज मुलगी मोठ्या हुद्द्यावर आहे. घरात आम्ही दोघंच असलो की ती मला म्हणते, "काय बाबा, जेवलान का?" आणि मी तिला जमेल तसं उत्तर देतो. दाराची बेल वाजली की आम्ही दोघंही, एकमेकांकडे न बघता, भाषा बदलतो.