ढिल्या बेल्टवरचा बँड

आमच्या लाडक्या बँडची एकुलती एक कॅसेट मी ज्या टेप डेकवरून कॉम्प्युटरवर उतरवली, त्या डेकची चाकं फिरवणारा रबरी बेल्ट ढिला होता. गाणी होती त्याहून संथ झाली, एक सूर खाली गेली, आणि हे मला कळायला अठरा वर्षं लागली. तेही बँडचा गिटारवाला गेल्यावर.

बँड तिघांचा. गिटार वाजवत गाणारा तो, एक बासवाला आणि एक ड्रमर. तालीम तुर्भ्याला, ड्रमरच्या काकांच्या स्पेअर पार्टच्या गोडाऊनमध्ये, रविवारी. रविवारी बाहेर ट्रकचे हॉर्न कमी असतात. मला काहीच वाजवता येत नव्हतं म्हणून मी फॅन झालो. एका दुपारी त्यांनी पाच गाणी रेकॉर्ड केली आणि कॅसेट माझ्या हवाली केली, कारण "एमपीथ्री मी करून देतो" असं मी छाती पुढे काढून सांगितलं होतं. माझ्याकडे मेव्हण्याने टाकून दिलेला डेक होता. तो त्याने का टाकून दिला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

फाईल ऐकून गिटारवाल्याने फोन केला. आधी फोनमधून मला तीच फाईल ऐकवली. मग म्हणाला, "काय केलंस रे तू हे?"

"विशेष काही नाही, जरा साफ केलं," मी म्हणालो. मी काहीही साफ केलं नव्हतं. वायर जोडून जेवायला गेलो होतो.

"मला असंच पाहिजे होतं," तो म्हणाला.

तिथून बँड बदलला. त्याने तारा एक सूर खाली उतरवल्या. फाईलमध्ये आवाज पाण्याखालून आल्यासारखा डुलायचा, तो डोल आणायला दिवाळीच्या बोनसमधून गिटारला जोडायचं एक पेडल घेतलं. पाच मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चालायला लागलं. वाशीच्या एका कॉलेजात निम्मं पब्लिक उठून गेलं आणि उरलेलं निम्मं डोळे मिटून बसलं. त्यातले काही झोपले होते, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. ज्यांना आवडायचं ते समाधीच्या गोष्टी करायचे. ज्यांना नाही आवडायचं ते आयोजकांना शोधायचे.

फॅन ग्रुपचा ॲडमिन अर्थात मी. एकदा एकाने लिहिलं, "भाई, बॅटरी उतरलेल्या टेपसारखा वाजतो हा बँड." संगीतातलं काही कळत नसेल तर बोलू नये, अशी समज देऊन मी त्याला काढून टाकलं. अख्ख्या ग्रुपमध्ये कळलं होतं ते त्या एकट्यालाच.

सगळ्यात जास्त भोगलं ड्रमरने. त्याला तेवढं संथ वाजवताच येईना. गिटारवाला त्याला फाईल लावून दाखवायचा, "ऐक, तेव्हा कसा दम धरून वाजवायचास. आता काय शेवटची बस चुकतेय तुझी?" बिचारा स्वतःच्याच जुन्या वाजवण्याशी बरोबरी करायला जायचा आणि दर रविवारी हरायचा. वर्षभराने त्याने ड्रम विकले आणि काकांच्या गाळ्यावर बसला. ग्रुपवर त्याचा विषय निघाला की आम्ही त्याला 'पळपुट्या' म्हणायचो. नाव मी ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात गिटारवाला गेला. हार्ट अटॅक. तळोज्याच्या एका कंपनीत लॅबला होता, ड्यूटीवरून घरी आला आणि गेला. नावड्याच्या कॉलनीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. त्याच्या आईंचा मला फोन आला. मूळच्या मराठवाड्याच्या, बोलणं अजून तिकडचंच.

"तुमच्याकडं ती जुनी कॅसेट हाय नव्हं? ती लावा त्या दिशी. मोबाईलातलं नको. त्यात त्याला पडसं झाल्यावानी वाटतंय."

माळ्यावरून डेक काढला आणि कॅसेटसकट दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं आणि बोटावर एक लुळी रबराची रिंग उचलून माझ्यासमोर धरली.

"हा बेल्ट कधीचा?"

"डेकबरोबर आला तोच."

"म्हणजे साहेब, आतापर्यंत तुम्ही सगळं लंगडंच ऐकलंय."

नवा बेल्ट टाकून त्याने माझीच कॅसेट लावली. गाणं दुकानातून धावत सुटलं. गिटारवाल्याचा आवाज वर चढला, मोकळा झाला, पंचविशीतल्या पोराचा झाला. आणि ड्रम? ड्रम पळत नव्हते. गाण्याबरोबर होते, अगदी चोख.

"आता बरोबर वाजतंय," तो म्हणाला. जुना बेल्ट परत बसवून मिळेल का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

कार्यक्रमाला ड्रमर येणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी एक युक्ती काढली. टेबलावर डेक ठेवायचा, त्यात कॅसेट घालायची, स्पीकरची वायर मात्र गुपचूप मोबाईलला लावायची आणि जुनी फाईल वाजवायची. आईंना कॅसेट दिसेल, फॅनना समाधी मिळेल, ड्रमरला काही कळणार नाही आणि माझं 'जरा साफ केलं' शाबूत राहील.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत. फोटोपुढे मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं बोलले, मग मला खूण झाली. मी गंभीर चेहऱ्याने डेकचं एक बटण दाबल्यासारखं केलं. गाणं सुरू झालं. फॅननी डोळे मिटले.

पुढच्या रांगेतून आई म्हणाल्या, "अवो, कॅसेट फिरत न्हाय."

"फिरते आई. आतून फिरते."

"मला शिकवता व्हय? धाकट्याच्या लग्नापातूर आमच्या घरी टेपच होता. चाकं थांबल्यात."

सगळा हॉल पुढे झुकून चाकं बघायला लागला. मी वायर काढली, डेकला लावली आणि खरं बटण दाबलं.

गाणं धावत आलं. समाधीवाल्यांनी एकदम डोळे उघडले. "हे कुठलं व्हर्जन?" कुणीतरी कुजबुजलं. आईंनी मात्र पहिल्यांदाच डोळे मिटले.

"हा," त्या म्हणाल्या. "हा माजा लेक."

मागच्या रांगेत ड्रमर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं आपटत होता. एक ठोका मागेपुढे नाही. मग बोटं थांबली आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

खीर वाटप सुरू असताना तो आला. आता पोट सुटलंय, केस गेलेत. मी त्याला बेल्टचं सांगितलं. जेवायला गेलो होतो, तेही सांगितलं. तो वाटीतली खीर ढवळत ऐकत राहिला.

"म्हणजे मी पळत नव्हतो."

"नाही."

"त्याला माहीत होतं?"

"त्याला मी सांगितलं होतं की मी साफ केलंय."

त्याने वाटी खाली ठेवली.

"आपल्या बँडमध्ये सगळ्यात भंगार कोण वाजवायचं, माहितीये?" तो म्हणाला. "तू. आणि तू बँडमध्ये पण नव्हतास."