गाऱ्हाण्यातून गाळलेलं घर

दोडामार्गाच्या पुढे आमचं गाव. घरं आणि देऊळ व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, आपल्या राज्यात. भातशेती पलीकडे, पोर्तुगीजांच्या. गोव्याची नाकेबंदी झाली आणि विळा घेऊन व्हाळ ओलांडणं हाही गुन्हा ठरला. तरी वडील कापणीला गेले. पोर्तुगीज चौकीच्या शिपायांना बांधावर घेऊन आला तो आमचा सख्खा शेजारी. त्यानेच बोट दाखवलं. वडील तीन महिने कोठडीत होते. परतले तेव्हा उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. भात शेजाऱ्याने कापून नेलं आणि बिऱ्हाड पलीकडे हलवलं.

गोवा मोकळा झाल्यावर तिथे त्याला कोण ठेवणार? बायकोमुलांसह परत आला, अंगण सारवून घेतलं. भेटेल त्याला सांगे, "सायबाचा राज होता रे, पोटासाठी करूक लागला."

त्याला मुलाचं लग्न करायचं होतं. जत्रेला म्हातारा गावकर, गावाचा मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालतो; एकेका घराचं नाव घेऊन राखण मागतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्या घराचं नाव येत नाही, तिथे कोणी मुलगी देत नाही. गावकराला विसर पडू लागला होता, म्हणून यादी मी लिहायचे आणि खांबाशी उभी राहून एकेक नाव सांगायचे. गावात सातवी झालेली मी एकटी.

आदल्या दिवशी शेजारी नारळ घेऊन दारात आला. "आमचा घर यादीत घातलंस मा गो बाय?"

"उद्या देवळात ये, ऐक," मी म्हटलं. नारळ घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरानंतर मी एकदम पुढचं घर सांगितलं. गावकर थांबला. इतका काही तो विसरला नव्हता.

"आणि ह्येच्या मधला गो?"

"मधे कोणाचा घर नाय, आबा."

त्याने गर्दीकडे पाहिलं. कोणीही तोंड उघडलं नाही. मग त्याने पुढचं घर घेतलं आणि देऊळ दणाणलं, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या वर वडिलांचा आवाज होता. कोठडीतून आल्यापासून ते इतक्या मोठ्याने बोलले नव्हते.

मुलाचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. दोन स्थळं मोडल्यावर तो मुंबईला गेला. त्याच्या आईने माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले. पुढे अकरा जत्रांची यादी मी लिहिली, दर वर्षी नव्या कागदावर, आणि दर वर्षी ते घर आठवणीने गाळलं.